वजनावर विकू नका!

मेस कमिटीवर निवडून आलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. पहाट नावाची वेळ खरंच असते! हॉस्टेलवर आपण तिला 'रात्रीचा शेवट' म्हणून ओळखतो, तेही सबमिशनच्या काळात. पण चारशे पोरांच्या मेसला भाजी आणायची तर पहाटे साडेचारला मार्केट यार्डात हजर असावं लागतं. उशीर झाला की चांगला माल गेलेला असतो, आणि मग आठवडाभर टोमॅटोवरून शिव्या आपल्यालाच.

तर अशाच एका पहाटे आमचा 'छोटा हत्ती' गुलटेकडीच्या त्या गर्दीत, ऐन गाळ्यांच्या मधोमध बंद पडला. मागं टोमॅटोचे क्रेट, कोथिंबिरीच्या जुड्या, बटाट्याच्या गोण्या. पुढं एक ट्रक, मागं तीन टेम्पो आणि सगळ्यांचे हॉर्न. हमाल डोक्यावर गोणी घेऊन आमच्याकडं असं बघत जात होते की आम्ही हे मुद्दाम केलंय. आम्ही दोघंही मेकॅनिकलचे, तृतीय वर्ष, आय. सी. इंजिनला दोघांनाही बऱ्यापैकी मार्क. बॉनेट कुठं उघडतं इथपासून सुरुवात होती आमची!

ड्रायव्हरनं कुणाला तरी हाक मारली. पाच मिनिटांत एक मिस्त्री आला. वय साठीचं, खांद्यावर पिशवी, तोंडात तंबाखू. त्यानं स्टार्टर मारायला लावला, दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "हवा धरलीय. ए कॉलेजवाले, बॅटरी धर." मी मोबाईलची बॅटरी धरली. डिझेलचा रबरी पाइप एका टोकाला चिरला होता. त्यानं तेवढं टोक कापलं, पाइप परत चढवला, क्लिप आवळली, नट सैल करून हवा काढली, आणि गाडी चालू. पंधरा मिनिटं लागली असतील. पिशवीतून निघालं काय, तर दोन पाने, एक पक्कड, एक ब्लेड. झालं!

हे सगळं आज लिहितोय त्याला कारण आहे. आदल्याच रात्री रूमवर आम्ही एक व्हिडिओ बघत होतो. अल्पीन ए-११० नावाच्या जुन्या फ्रेंच स्पोर्ट्‌स गाडीचा. निळी, बुटकी, कमरेएवढीसुद्धा उंची धड नाही. एका गॅरेजनं ती पूर्ण सुटी करून जुन्या रॅलीच्या पद्धतीनं पुन्हा उभी केली होती. आमच्या विंगमधली अर्धी पोरं त्या निळ्या रंगावर आणि नाकावरच्या चार पिवळ्या दिव्यांवर फिदा. मीही होतो, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी पहाटे मार्केट यार्डात बॅटरी धरून उभा असताना मला एकदम वाटलं की ही निळी परी आणि हा मिस्त्री एकाच घरातले आहेत. कसं, ते सांगतो. आणि मग आपल्या कॉलेजच्या एका गाडीबद्दल थोडं भांडणार आहे.

आधी या परीची गोष्ट. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दिएप नावाचं गाव आहे. तिथं झाँ रेदेले नावाचा रेनॉ गाड्यांचा विक्रेता होता. त्याला शर्यतीचा नाद. रेनॉची साधी घरगुती ४-सीव्ही घेऊन तो आल्प्सच्या घाटांतल्या रॅलीत उतरायचा. त्या घाटांवरूनच त्यानं १९५५ साली काढलेल्या कंपनीचं नाव ठेवलं 'अल्पीन'. ए-११० हे मॉडेल १९६२ सालचं, आणि ते १९७७ पर्यंत बनत होतं. आता गंमत बघा. या गाडीत 'स्पेशल' असं फार थोडं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, बरेचसे सुटे भाग रेनॉच्या बाजारातल्या गाड्यांचेच. मधे पाठीच्या कण्यासारखी एक जाड पोलादी नळी, तिच्यावर फायबरग्लासची बॉडी, आणि इंजिन पार मागं, मागच्या चाकांच्याही मागं. सगळं मिळून वजन सातशे किलोच्या आसपास.

एवढ्या भांडवलावर या गाडीनं काय केलं? १९७१ ची माँटे कार्लो रॅली जिंकली, ओव्ह अँडरसननं. १९७३ साली जागतिक रॅली स्पर्धा पहिल्यांदा सुरू झाली, त्या वर्षी माँटे कार्लोत पहिले तिन्ही नंबर अल्पीनचे! पहिला आला झाँ-क्लोद आंद्रुए. त्याच्या शेजारी नकाशा आणि नोंदी वाचायला बसलेली होती मिशेल पेती, 'बिश' या नावानं प्रसिद्ध असलेली बाई. (आमच्या ब्रँचमध्ये मुली कमी का, या प्रश्नावर आपण नंतर कधीतरी बोलू.) त्या वर्षी अल्पीननं एकूण सहा रॅली मारल्या आणि उत्पादकांचं पहिलं जागतिक विजेतेपद घेतलं. समोर पोर्शे, फियाट, फोर्ड अशी मोठी घराणी होती.

हे कसं जमलं? उत्तर आपल्या सेकंड इयरच्या पुस्तकात आहे. जी चाकं गाडी ढकलतात त्यांच्यावर वजन हवं, म्हणजे पकड मिळते. इंजिन मागं, ओढ मागच्या चाकांना, त्यामुळं बर्फात आणि चढावर ए-११० जमीन सोडत नव्हती. भरलेली रिक्षा चढावर कशी नेटानं निघते बघा, इंजिन मागंच असतं तिचं. आपल्या पुण्यात घडलेली नॅनोही तशीच होती, ६२४ सीसी, मागं इंजिन. पण फुकट काही मिळत नाही. नाक हलकं असल्यामुळं वळणात शिरताना पुढची चाकं ऐकत नाहीत, आणि मधेच घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की शेपूट तुम्हाला ओलांडून पुढं यायला बघते. ही सवय लपवायची नाही, तिचाच उपयोग करून गाडी वळवायची, हे ज्यांना जमलं ते जिंकले.

आता त्या व्हिडिओतल्या 'रॅली पद्धतीनं पुन्हा बांधण्या'कडं येऊ. आपल्याकडं रॅली म्हणजे स्टिकर, मोठ्ठा सायलेन्सर आणि चार दिवे एवढाच समज आहे. खरी रॅली म्हणजे सर्किटवरची शर्यत नव्हे. ठरावीक टप्पे वेळ लावून पळायचे, मधलं अंतर साध्या रस्त्यानं कापायचं, आणि वाटेत मोडलं तर वेळेच्या आत दुरुस्त करून पुढच्या टप्प्याला हजर राहायचं. उशीर झाला की दंड. म्हणून रॅलीची गाडी बांधताना पहिला प्रश्न 'किती पळेल?' हा नसतोच. 'पोचेल का?' हा असतो.

त्या व्हिडिओत सगळ्यात जास्त वेळ गेला तो रंगाला नाही. बॉडी उचलून बाजूला ठेवली, मधल्या नळीतला गंज शोधला, जिथं सस्पेन्शन जोडलं जातं तिथं आतून पत्रा देऊन वेल्डिंग केलं. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवला, गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून. पोटाखाली दगड लागू नयेत म्हणून जाड पत्रा. बॅटरीचा प्रवाह एका झटक्यात तोडणारा खटका. फ्यूज हाताला येतील अशा जागी. आग विझवायची नळकांडी. जॅक, पाना, जादा चाक हे सगळं पट्ट्यानं घट्ट बांधलेलं. शेजारच्या माणसासाठी छोटा दिवा आणि अंतर मोजायचं यंत्र. ते चार पिवळे दिवे सगळ्यात शेवटी लागले, आणि तेही शोभेला नाही, रात्रीच्या घाटासाठी.

थोडक्यात, प्रत्येक गोष्ट 'मोडणारच' असं धरून बांधलेली, आणि मोडली की कमी हत्यारात, कमी उजेडात, कमी वेळात दुरुस्त होईल अशी. आता सांगा, हे मार्केट यार्ड नाही तर काय आहे? टोमॅटोला थांबता येत नाही. टेम्पो सहाच्या आत मोकळा झालाच पाहिजे. मिस्त्रीकडं लॅपटॉप नाही, लिफ्ट नाही, मॅन्युअल नाही. आहे तो कान, हात आणि बॅटरी धरायला एक बावळट कॉलेजवाला. रॅलीतला मेकॅनिक आणि हा मिस्त्री यांचं काम एकच आहे. एकाला पोडियम मिळतो, दुसऱ्याला कटिंग चहा.

तर त्या चहावर मूळ मुद्दा निघाला. मिस्त्रीला सहज म्हणून मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. आपल्या ऑटोमोबाईल लॅबच्या मागच्या शेडमध्ये, तुटक्या बाकांच्या आणि जुन्या ड्रॉइंग बोर्डांच्या ढिगाऱ्याशेजारी एक पांढरट गाडी उभी आहे. तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. काही जणांनी तिच्या बॉनेटवर बसून व्हायवाची तयारीसुद्धा केलीय. सगळे तिला 'लॅबची गाडी' म्हणतात. मिस्त्रीनं फोटो मोठा केला आणि म्हणाला, "अरे, ही तर प्यूजो! तीनशे नऊ. कल्याणला बनायची."

मला तिचं नाव माहीत नव्हतं. तीन वर्षं तिच्या शेजारून जातोय मी!

मग शोधाशोध केली. प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी, युरोपात १९८५ साली आली. आपल्याकडं १९९० च्या दशकात प्रीमियर आणि प्यूजो यांनी मिळून ती कल्याणच्या कारखान्यात बनवली. तीच प्रीमियर, पद्मिनीवाली. हा उद्योग फार वर्षं चालला नाही. पण याच ३०९ ची जीटीआय ही थोरली बहीण युरोपात रॅलीत पळालेली आहे. आपली मात्र साधी, डिझेलवाली, १५२७ सीसी. मी मिस्त्रीला म्हटलं, "मामा, हिचे पार्ट आता कुठं मिळणार?" त्यावर तो हसला. "इंजिन झेन डिझेलचंच की! मारुतीनं हेच इंजिन घातलं होतं. पार्ट शोधले तर मिळतात. फिरतंय का ते सांग आधी."

फिरतंय का? म्हणजे आतला क्रँक मोकळा आहे की गंजून जाम झालाय? मला उत्तर देता आलं नाही. आजवर एकाही बॅचनं पाना लावून बघितलं असेल असं वाटत नाही. आम्ही त्याच शेडच्या भिंतीपलीकडं बसून इंजिनची इफिशियन्सी चार दशांशांपर्यंत काढतो, जर्नलमध्ये सुंदर आकृत्या काढतो (खरं तर ट्रेस करतो), आणि पंचवीस फुटांवरच्या खऱ्या इंजिनाला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्या पहाटे चहाचा घोट घशात अडकला तो असा.

परत आल्यावर लॅब असिस्टंट भाऊंना गाठलं. त्यांनी परवानगी काढून दिली. ग्लो प्लग काढले, चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावला आणि हळूच जोर दिला. आधी काहीच नाही. मग थोडं आणखी. आणि मग... फिरलं! कुरकुरत, पण पूर्ण दोन फेरे फिरलं. भाऊंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर आजवर बघितलं नव्हतं. चालू करायचा मोह आवरला, कारण टायमिंग बेल्ट इतका जुना आहे की तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतील. तेवढी अक्कल मार्केट यार्डातून येताना घेऊन आलो होतो.

आणि त्याच दिवशी कळलं की ही गाडी डेड स्टॉक रजिस्टरमधल्या निर्लेखनाच्या यादीत आहे. सत्र संपलं की भंगारात. वजनावर!

म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. ती गाडी विकू नका. आम्हाला द्या. आम्ही ती रॅलीच्या पद्धतीनं पुन्हा बांधू.

यावर काय काय म्हटलं जाईल ते माहीत आहे, कारण निम्मं आमच्या रूममध्येच म्हटलं गेलंय. पहिला आक्षेप जाणकारांचा. जुनी गाडी मूळ रूपातच ठेवावी, रॅलीचे प्रयोग करून तिचा इतिहास पुसू नये. हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. आपल्या देशात २०२१ साली आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. म्हणजे व्हिडिओतली ती निळी परी उद्या इथं कुणी आणली, तर वयात बसली तरी पिंजरा आणि रुंद केलेली मडगार्ड बघून तिचं प्रकरण अवघड होईल. जी ए-११० जन्मापासून अस्सल आहे, तिला हात लावू नये असंच मलाही वाटतं. पण जी आधीच अर्धी मोडलेली, भाग हरवलेली आहे, तिला शोकेसमध्ये खोटं अस्सलपण देण्यापेक्षा ज्या कामात तिचं नाव झालं त्या कामाला लावणं जास्त प्रामाणिक आहे. अट एकच. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपायचा आणि केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवायचा. आपली ३०९ तर अजून पन्नाशीपासून लांब आहे आणि शोकेसमध्ये तिला कुणी बोलावलेलंही नाही. तिच्यासमोर मूळ रूप की रॅली असा प्रश्नच नाही. तिच्यासमोर प्रश्न आहे रॅली की भंगार.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. प्राध्यापक मंडळींचा हाच पहिला असेल, आणि तो बरोबर आहे. गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाला येतील तसे बदल करून रस्त्यावर आणायला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. गाडी फक्त कॉलेजच्या मागच्या मैदानावर फिरेल. पिंजरा, पट्टे, आगीचं नळकांडं आणि प्रवाह तोडणारा खटका बसल्याशिवाय तिच्यात कुणी बसणार नाही. वेल्डिंगची तपासणी सरांनी करायची, आमच्यावर भरवसा ठेवायचा नाही. रॅलीची पद्धत म्हणजे बेदरकारपणा नव्हे. उलट, अपघात होणारच असं धरून केलेली ती बांधणी आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच मित्रांचा. "आपली बाहाची टीम आहे की! नवीन गाडी बनवतोय, जुन्यात काय ठेवलंय?" बाहाच्या टीमबद्दल मला आदर आहे, रात्र रात्र जागतात ती पोरं. पण नवीन गाडी बनवताना तुम्ही तुमचीच चूक शोधत असता. जुनी गाडी उघडताना दुसऱ्याचा विचार वाचावा लागतो. हा बोल्ट इथं का? हा पत्रा इथंच का दुमडला? कुणीतरी, कधीतरी, काहीतरी हिशेब करून तो तिथं ठेवलेला असतो. आपल्यातले बहुतेक जण पुढं जाऊन नवीन इंजिन बनवणार नाहीत. कुणीतरी बनवलेली यंत्रं चालू ठेवणार आहेत. कारखान्यात, धरणावर, रेल्वेत, हॉस्पिटलात. त्याचं शिक्षण आपल्याला कोण देतं? आठ सेमिस्टरमध्ये कोण देतं, हे प्रामाणिकपणे सांगा!

चौथा आक्षेप आजचा. जमाना इलेक्ट्रिकचा, आणि तुम्ही धूर सोडणारं डिझेल काय घेऊन बसलात? पण ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, वेल्डिंग, वायरिंगमधला बिघाड शोधणं हे मोटर आली म्हणून संपत नाही. आणि बांधून झाल्यावर पुढच्या बॅचनं इंजिन काढून मोटर बसवायची म्हटली तर खुशाल बसवावी. तेही रॅलीच्या परंपरेला धरूनच आहे. रेदेलेनंही शेजारच्या दुकानात जे मिळालं तेच वापरलं. आपल्याकडं गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीला 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन सीटची छोटी गाडी बनायला लागली होती. फायबरची बॉडी आणि रेनॉचं साधं इंजिन, म्हणजे बेत अल्पीनचाच. बाजारात ती फार चालली नाही हे खरं. पण मोठा कारखाना नसला तर काहीच करता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तिची आठवण ठेवावी.

आता मागणी, नेमकी. एक, गाडी दोन सेमिस्टर निर्लेखनाच्या यादीतून बाहेर ठेवावी. दोन, शेडमधली ती एक बाजू आणि शनिवारची दुपार आम्हाला मिळावी. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, मार्केट यार्डातल्या त्या मिस्त्रीला महिन्यातून दोनदा कॉलेजात बोलवावं. गेस्ट लेक्चर म्हणून, मानधन देऊन, सरांसाठी मांडतो तीच खुर्ची मांडून. प्रमुख पाहुण्यांना आपण शाल आणि नारळ देतो, ते दोन तास 'उद्याचा अभियंता' यावर बोलतात आणि निघून जातात. या माणसाला बोलायला लावू नका, गाडीशेजारी उभं करा. आम्ही बॅटरी धरू.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीला बेल्ट, फिल्टर, ब्रेकचे रबर आणि बॅटरी एवढंच लागेल. तेवढी वर्गणी विंगमधून निघेल. डेज्‌च्या टी-शर्टांवर यापेक्षा जास्त जातात.

मिस्त्रीला परवा पुन्हा भेटलो, भाजीच्या फेरीत. सांगितलं, "मामा, फिरलं!" तो गोणीच्या थप्पीला टेकून तंबाखू मळत होता. वर न बघताच म्हणाला, "मग आता थांबवू नका. फिरतं ठेवलं तर टिकतं." मग आमच्या टेम्पोच्या त्या पाइपावर बोट फिरवून बघितलं, क्लिप अर्धा आटा आवळली आणि दुसऱ्या गाडीकडं निघून गेला.

तेव्हा यादीवर सही करणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना नम्र विनंती. दोन सेमिस्टर द्या. गॅदरिंगच्या दिवशी गाडी स्वतःच्या पायांनी मैदानाला फेरी मारेल. नाही मारली, तर आम्हीच ढकलत गेटपर्यंत आणून देऊ. मग घाला काट्यावर. भंगारवाला कुठं पळून जात नाही.

— एक मेकॅनिकलवाला, तृतीय वर्ष
(मेस कमिटी. टोमॅटोबद्दलच्या तक्रारी कृपया माझ्या रूमवर आणू नयेत.)